किल्लेदारांचा वेढा

आमचे घरमालक रोज सकाळी आंघोळ करून लढाईला बसायचे. कमरेला टॉवेल, अंगात जाळीचा बनियन, गळ्यात चांगली जाडजूड सोन्याची साखळी, कपाळाला ओलं गंध आणि समोर संगणक. देवापुढची उदबत्ती जाता जाता एकदा संगणकाच्या पडद्यासमोरूनही फिरायची. मग चष्मा चढवून ते माउसवर हात ठेवायचे आणि कुठल्या तरी जुन्या काळातल्या राज्याचा कारभार सुरू व्हायचा. भाडेकरू त्यांना मामा म्हणत. मी तोंडावर मामा म्हणायचो आणि मनातल्या मनात किल्लेदार. तळमजल्याच्या दारात खुर्ची टाकून ते येणाऱ्याजाणाऱ्यावर अशी नजर ठेवत की त्यांच्या परवानगीशिवाय इमारतीत मांजरही शिरत नसावं. नाव मी त्यावरून ठेवलं होतं. त्यांच्या लढायांचं मला नंतर कळलं.

त्यांची चार मजली इमारत बेलापूरच्या जुन्या गावठाणात होती. पुढच्या खिडक्यांतून कचेऱ्यांच्या काचा दिसायच्या आणि मागच्या खिडक्यांतून खाडी. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी जर्मनीत नोकरीला होती. वरचे मजले भाडेकरूंनी गच्च भरलेले, पण सगळे सकाळी पाठीला पिशवी लावून पळणारे. मामांशी दिवसभरात चार वाक्यं बोलणारं माणूस म्हणजे जवळच्या दिवाळे गावातून मासे घेऊन येणारी कोळीण. तिलाही पुढची घरं असायची. भाड्याचे पैसे परस्पर बँकेत जाऊ लागल्यापासून महिन्याच्या महिन्याला दार वाजवणारेही कमी झाले, याचं मामांना मनापासून वाईट वाटायचं.

मी मिरजेकडचा. बेलापुरात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग आणि कागदपत्रं बघायला लागलो आणि खोली शोधत मामांच्या दारात उभा राहिलो. लग्न झालंय का, मटण-मासे चालतात का, मित्र आणणार का, अशा प्रश्नांची मी तयारी करून गेलो होतो. मामांनी वेगळंच विचारलं.

“रयवारचा घरी असतोस का?”

“असतो.”

“गावाला नाय जात?”

“गावाला आता कोणी नाही.”

“मंग ये,” मामा म्हणाले आणि किल्ली काढून दिली. एवढ्या स्वस्तात सुटलो म्हणून मी खूश झालो. ह्या प्रश्नामागचं खरं कारण पहिल्याच रविवारी कळलं. जेवून जरा आडवा झालो होतो, तर खालून हाक आली, “ए वकील, जरा ह्याचा आवाज बग. ऐकाला येत नाय.” मी वकील नाही हे त्यांना मी पुष्कळदा सांगितलं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

तर अशा रीतीने मी त्यांच्या संगणकाचा वैद्य झालो आणि हळूहळू सल्लागार. कॉलेजात असताना मीही असले खेळ खेळलो होतो, परीक्षा बुडेपर्यंत खेळलो होतो, त्यामुळे त्यातलं मला थोडं कळत होतं. मामांना खेळ हवा असायचा तो इतिहासातलाच. राजे, किल्ले, घोडे, तटबंदी. अंतराळातल्या यानांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. पण इतिहासातले खेळही नाना तऱ्हेचे असतात आणि मामा ते निवडायचे मासळी निवडल्यासारखे, कल्ले उघडून. आधी फुकट चाखायला मिळतो तेवढा भाग खेळायचा, मग मला बोलवायचं, माझ्यासमोर पुन्हा खेळायचा आणि मग शांतपणे नापास करायचा.

एक होता नुसत्या नकाशाचा खेळ. सगळं जग पसरलेलं, राजघराणी, वारस, तह, सोयरिकी. लढाई क्वचित, खलबतं फार. मला तो फार आवडला होता. शेजारच्या राजाने तहाच्या बदल्यात मामांच्या राजकन्येला मागणी घातली. मामा विचार करत होते तेवढ्यात मी आगाऊपणाने ‘मान्य’चं बटण दाबलं. राजकन्येचं चित्र त्यांच्या घराण्याच्या पानावरून उठलं आणि दूर कुठल्या तरी घराण्याच्या पानावर जाऊन बसलं.

“परत आन तिला,” मामा म्हणाले.

“आता आणता येत नाही मामा. तह मोडेल.”

“मंग बंद कर.”

तो खेळ त्यांनी पुन्हा उघडला नाही.

दुसरा शहर वसवायचा होता. नदीकाठी गाव बसवायचं, धान्याची कोठारं, घाट, देऊळ, बाजार. ह्यात मामा चांगले रमले. मग गाव वाढलं आणि मोठा रस्ता आखायची वेळ आली. मध्ये झोपड्या होत्या. खेळाने सुचवलं, हलवा. बटण दाबताच झोपड्या नाहीशा झाल्या, तिथे सपाट जमीन आली आणि टाळ्यांचा आवाज झाला.

“ती मानसा कुठं गेली?” मामांनी विचारलं.

मी इकडेतिकडे दाबून पाहिलं. खेळात त्याचं उत्तर नव्हतं.

मामा खुर्चीत मागे रेलले. “आमची भातशेती नि मिठागरा ह्या शहराखाली गेली तवा मी तरना पोरगा होतो. पैसं मिलालं, मागनं भूखंड मिलाला, त्यावर ही इमारत झाली. वाईट झाला असा मी नाय म्हनत. पन टाल्या कोनी नवत्या वाजवल्या.” त्यांनी तोही खेळ काढून टाकायला लावला. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा घरमालकापेक्षा जास्त काहीतरी वाटलं.

असे करत करत शेवटी दोन उरले. एक धावपळीचा आणि एक पाळीचा. मामांनीच ठेवलेली ही नावं. धावपळीच्या खेळात दोन्ही राज्यं एकाच वेळी हलतात. तुम्ही इकडे लाकडं तोडताय तोवर शत्रू तिकडे फौज उभी करतो. डोळा लवला की गेलात. दोघांनी एकाच वेळी समोर बसावं लागतं आणि कानाला यंत्र लावलं की खेळता खेळता बोलताही येतं. पाळीचा खेळ बुद्धिबळासारखा. तुम्ही तुमच्या चाली करायच्या, पाळी संपवल्याचं बटण दाबायचं आणि उठायचं. समोरचा त्याला सवड होईल तेव्हा त्याच्या चाली करतो. पण त्यात आवाज नाही.

आता ह्या दोहोंत निवड करणं मामांना इतकं जड का जावं, असं कुणी विचारील. त्यासाठी मुलीची गोष्ट सांगायला हवी. मामा तिला बाय म्हणत. ती कॉलेजात गेली तेव्हा घरात संगणक आला आणि त्याच्याबरोबर पाळीचा एक जुना खेळ. बापलेक एकाच संगणकावर, एकाच खुर्चीवर खेळायचे. एकाची पाळी झाली की तो उठायचा आणि दुसरा बसायचा. उठलेल्याने खिडकीकडे जाऊन खाडीकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे समोरच्याच्या चाली दिसणार नाहीत, असा त्यांचा नियम. मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या की हा बाप आहे की वर्गात कोपऱ्यात उभं केलेलं पोर. मामा सांगत, “मी कधी मागं वलून बगितला नाय. ती बगायची. मना काचंत दिसायची.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते एरवी कधी यायचं नाही.

मुलगी शिकली, आधी पुण्याला गेली, मग जर्मनीला. फोन व्हायचे. पण फोनवर मामांना बोलायला सुचत नसे. जेवलीस का, थंडी हाय का, हे विचारून झालं की त्यांचा साठा संपायचा आणि दोन्हीकडे शांतता व्हायची. ते ज्या गोष्टीतून बोलायचे ती गोष्ट म्हणजे तो खेळ. म्हणून पुन्हा खेळायचं ठरलं. मुलीला धावपळीचा हवा होता. “बाबा, त्यात गप्पा मारत खेळू. रविवारी एक तास पक्का,” ती म्हणाली.

मामांनी मला बसवून घेतलं.

“वकील, बग आता. धावपलीचा घेतला तर रयवारी एक तास ती असंल. आवाज येल, हसंल. पन मंग सोमवारला काय? मंगलवारला काय?”

“आणि पाळीचा घेतला तर?”

“तर रोज काय तरी येल. पन ती नाय येनार. तिची चाल येल नुसती.”

आठवड्यात एक तास माणूस, की रोज त्याची खूण. मामांपुढचा प्रश्न एवढाच होता आणि इतका अवघड प्रश्न आमच्या ऑफिसात आलेला मला आठवत नाही. मी ऑफिसातलंच उत्तर दिलं, “दोन्ही बाजू तपासून घेऊ.” निर्णय टाळायचा असला की आमचे साहेब हेच म्हणतात.

आधी धावपळीचा घेतला. रविवारी दुपारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. तिला दिसणार नसले तरी घालायचे. कानाला यंत्र लावायचे आणि मी बाजूला आवाज सांभाळायला. पण मामांची बोटं ती. तरुणपणी मिठागरात फळी ओढलेली, पुढे डंपरचं स्टीअरिंग धरलेली. त्यांना एका शिपायावर नेमका बाण टेकवायला जो वेळ लागायचा तेवढ्यात बाय घोडदळ घेऊन वेशीत हजर. पाहता पाहता राज्य जायचं. “झालं बाबा. तुम्ही परत झोपलात. चला, ठेवते.” खेळ संपला की फोन संपायचा. ठरलेला तास कधी पुरा भरायचा नाही.

मग मामा शहाणे झाले. त्यांनी लढणंच सोडलं. सुरुवातीपासून नुसत्या भिंती बांधायच्या. भिंतीच्या आत भिंत, त्याच्या आत आणखी एक. बायला आत शिरायला वेळ लागे तेवढा वेळ ती बोलत राही. ऑफिसातली बाई कशी खडूस आहे, बर्फावरून कशी घसरले. मामा विटा रचत ऐकत. मला त्यांचा डाव कळला होता. पण पोरगी त्यांचीच.

“बाबा, तुम्ही लढतच नाही. बोअर होतं हो.”

“घाय कोनाला हाय?”

“मला आहे बाबा. कपडे लावायचेत मशीनला, भाजी आणायचीय, उद्याचं काम काढायचंय. एकच तर सुट्टी मिळते.”

तिने हे प्रेमानेच म्हटलं आणि खरंही होतं. तिच्यावर राग धरावा असं त्यात काही नव्हतं. मामांनीही धरला नाही. पुढच्या रविवारी तिला कुठेतरी जायचं होतं, त्याच्या पुढच्या रविवारी तिला बरं नव्हतं. मग मामांनीच तिला सांगितलं की आपण पाळीचा घेऊ, तुला सवड होईल तेव्हा खेळ. शर्ट कपाटात गेला.

पाळीच्या खेळाने मात्र मामांचे दिवस सुधारले. बाय संध्याकाळी घरी येऊन तिच्या चाली करी तेव्हा मामा इकडे झोपलेले असत. सकाळी दाराशी दुधाची पिशवी यावी तशी तिची चाल पडद्यावर आलेली असे. आंघोळ, उदबत्ती आणि मग ती उघडायची. मी ऑफिसला निघताना मामा मला थांबवून बातमी देत. “बाय थकली हाय. काल नुसता एक घोरा हलवलान.” किंवा, “आज बंदर बांधलान. खुशीत हाय.” नकाशाच्या कडेला समुद्राकाठी तिने एक कोळ्यांची वस्ती ठेवली होती. तिचा लढाईला काही उपयोग नव्हता, उलट सांभाळायचा खर्चच. पण मामांची फौज त्या बाजूला सरकली की बाय सगळं सोडून आधी ती वस्ती वाचवायची. मामा हे मुद्दाम करायचे. फौज दोन पावलं तिकडे न्यायची आणि ती धावत आली की परत मागे घ्यायची. मुलीची खोडी काढल्याचं समाधान त्यांना दिवसभर पुरायचं.

ह्या खेळात मामा चांगलेच पटाईत होते. एकेक करत त्यांनी बायची शहरं घेतली आणि शेवटी तिची राजधानी आणि ती वस्ती एवढंच उरलं. मामांच्या फौजा राजधानीभोवती गोळा झाल्या. आणि तिथेच बसल्या. एक दिवस, दोन दिवस, आठवडा, मग महिना. मी नकाशा पाहिला तर तीन बाजूंनी तंबूच तंबू आणि खाडीची बाजू मोकळी. तिथून गलबतं भरभरून धान्य शहरात जात होतं.

“मामा, ही बाजू बंद करा. आठवड्यात शहर पडेल.”

“पडंल.”

“मग?”

“मंग काय? पडला की संपला,” मामा म्हणाले. “ती म्हनंल, चला बाबा, छान झाला. नि मंग पुढला खेल कवा? सवड होल तवा. तू आपला कामाला जा.”

मी कामाला गेलो, पण दिवसभर टायपिंगमध्ये चुका होत होत्या. जगात लोक गड घेण्यासाठी वेढे घालतात. हा माणूस गड पडू नये म्हणून वेढा घालून बसला होता, आणि शत्रूला स्वतःच्या देखरेखीत जेवू घालत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या फोनवर आठवडाभरात कामाशिवाय कुणाचा आवाज आलेला नाही.

बायच्या चाली पुढे विरळ झाल्या. आधी एक दिवस आड, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने. मामा रोज सकाळी आंघोळ करून बसायचेच. पडद्यावर ‘प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत आहे’ असं लिहिलेलं असे. मामा तिकडे थोडा वेळ बघत, मग चहा ठेवायला उठत. मला थांबवून बातमी देणं बंद झालं. आणि मग अचानक एके दिवशी चाली पुन्हा सुरू झाल्या. रोज. रोजच काय, मामांनी पाळी संपवली की लगेच, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी निघताना पाहिलं आणि खूश होऊन म्हणालो, “मामा, बाय जोरात आहे की.”

मामांनी पडद्यावर कोपऱ्यात बोट ठेवलं. समुद्राकाठची कोळ्यांची वस्ती ओसाड पडली होती. तिथले सगळे शिपाई राजधानीत नेले होते.

“ही बाय नाय,” मामा म्हणाले.

मी खाली वाकून पाहिलं. नाव तिचंच होतं, पण त्याच्या बाजूला दातेरी चाकाची बारकीशी खूण आली होती. खेळाचा तसा नियमच असतो. एखादा बरेच दिवस पाळी खेळला नाही, तर त्याच्या जागी यंत्र खेळू लागतं, म्हणजे दुसऱ्याचा खोळंबा होत नाही. मी म्हटलं, तिला फोन करून सांगतो, तिच्या ध्यानात राहिलं नसेल.

“नको.” मामा इतक्या करड्या आवाजात माझ्याशी कधी बोलले नव्हते. “तिला कलला की बापाला समजला, तर ती परत येल खेलाला. औषध घेतल्यासारी रोज एक चाल करंल. तशी नको. तिची सवड, तिचा मन.”

“मग हे बंद तरी करा. यंत्राशी कशाला खेळताय?”

“नाव तर तिचाच हाय ना,” मामा म्हणाले आणि त्यांनी आपली पाळी खेळली.

मग ते तसंच चालू राहिलं. यंत्राला मामांचा मनसुबा कुठला कळायला. ते मधूनच शहराचे दरवाजे उघडून लढायला बाहेर येई आणि मामा लगबगीने आपल्या फौजा टेकडीमागे घेत, ते हरू नये म्हणून. किती कसब लागतं ह्याला, हे ज्याने असले खेळ खेळलेत त्यालाच कळेल. मी कधी कधी जाताना म्हणायचो, “काय म्हणतेय बाय?” आणि मामा म्हणायचे, “मजेत हाय.” हे नाटक आम्ही दोघांनी चांगलं वठवलं.

तिच्या चुलतभावाचं लग्न निघालं आणि बाय थोड्या दिवसांसाठी आली. इमारत पाहुण्यांनी भरली, हळदीला रस्ताभर मांडव पडला, मामा फेटा बांधून मिरवले. मुलगी खरोखर गोड होती. मलाही “दादा, तुम्ही बाबांना सांभाळता, थँक्स हां,” म्हणाली. संगणकाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी पाहुणे पांगले, बॅगा दारात येऊन पडल्या आणि गाडी यायला वेळ होता. मी बॅगा गाडीत ठेवायला मदत म्हणून खाली आलो होतो. तिनेच विषय काढला.

“बाबा, तुमची लढाई कुठवर आली?”

“ती काय, चालूच हाय.” मामांनी पडदा चालू केला. “लय चिवट खेलतेस बाय. तुजा शहर काय पडत नाय.”

बायने नकाशा पाहिला, स्वतःचं नाव पाहिलं आणि त्याच्या बाजूची खूण पाहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती खेळ कधीच विसरून गेली होती हे उघड होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. बाबांना माहीत आहे का, असं तिचे डोळे विचारत होते. मी बॅगेचा पट्टा आवळत बसलो.

“हो ना,” ती म्हणाली. “मीच... रोज थोडं थोडं.”

“ती वस्ती का सोडलीस पन?”

“सोडावी लागली बाबा.”

“बरा केलास. कवातरी सोडावी लागते.” मामा खुर्चीतून उठले. “बस. तुजी पाली हाय.”

ती बसली आणि मामा खिडकीकडे जाऊन खाडीकडे तोंड करून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. हात पाठीमागे बांधलेले, मान ताठ. कितीतरी महिन्यांनी तिची खरी चाल येणार होती आणि ती ह्याच खोलीत होणार होती. मी बाजूला होतो, मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. लग्नाच्या फेट्यातही तो एवढा खुललेला नव्हता.

बायने पासवर्ड आठवून आठवून घातला. तिच्या नावाजवळची खूण गेली. मग ती शहराभोवतीचे तंबू पाहत राहिली, खाडीची मोकळी बाजू पाहत राहिली. बापाला जिंकता येत नाहीये, म्हातारपणी उगाच एका जागी अडकून पडलाय, असं तिला वाटलं असावं. आपण इतके महिने त्याला यंत्राच्या तोंडी दिलं, त्याची भरपाई कशी करावी हे ती शोधत असावी. तिचा हात शरणागतीच्या बटणाकडे गेला. मी काही बोलायच्या आत तिने ते दाबलं. खेळाने विचारलं, नक्की का? तिने ‘हो’ म्हटलं.

तुताऱ्या वाजल्या.

“झालं बाबा, बघा,” ती उठून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “तुम्ही जिंकलात. खरंच माझ्याकडे काही उरलं नव्हतं.”

मामा वळले. पडद्यावर त्यांचा झेंडा फडकत होता, नकाशा एका रंगाचा झाला होता आणि खाली ‘खेळ समाप्त’ लिहिलं होतं. ते जवळ आले, वाकले, चष्मा नीट केला.

“जिकलो का?”

“हो.”

“बरा झाला,” मामा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग मला म्हणाले, “वकील, गारी आली का बग.”

ती गेली त्यानंतर मामा सकाळी आंघोळ करून दारातल्या खुर्चीत बसायला लागले. संगणकावर त्यांनी मामींची जुनी ओढणी टाकून ठेवली होती. बायचा फोन यायचा, पूर्वीपेक्षा जरा जास्तच यायचा. जेवलीस का, थंडी हाय का. मला ते बघवेना. मला त्यांची काळजी वाटत होती आणि खरं सांगायचं तर मलाही सकाळची ती बातमी हवी होती. एका रविवारी मी खाली गेलो आणि ओढणी बाजूला केली.

“मामा, पाळीचा मांडू का? बायच्या जागी मी खेळतो.”

“तिच्या जागंवर नको,” मामा म्हणाले. “तुज्या जागंवर खेल. नाव पन तुजाच लाव.”

मी माझं नाव लिहिलं. फोनवर माझी पाळी खेळायचो, कधी ऑफिसातून, कधी वर खोलीतून. मी मोठ्या हुशारीने राजधानीला तट बांधले, खंदक खणले, कोठारं भरली. मामांनी चारी बाजूंनी फौजा आणल्या, खाडीची वाट सगळ्यात आधी बंद केली आणि तोफा डागल्या. आठवडा संपायच्या आत माझं राज्य गेलं. मी तणतणत खाली उतरलो.

“मामा, थोडं तरी थांबायचं. एवढी कसली घाई?”

मामा बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले. “तुज्यासाठी कशाला थांबू? तू तर वरच ऱ्हातोस. उद्या परत मांडू.”

आणि खरंच दुसऱ्या दिवशी मांडला. त्या खोलीत मी होतो तोवर ते मला असेच धडाधड हरवत राहिले. मी हरायचो, तक्रार करायला खाली उतरायचो आणि तिथेच चहा व्हायचा, कधी कालवणभातही. माझं लग्न ठरलं, जागा पुरेना, तेव्हा मी खोली सोडली. मामांनी अनामत रकमेबरोबर वाळवलेल्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी हातात दिली आणि नव्या घरी फोनला रेंज येते का ते विचारलं. येते, मी म्हणालो. आमचा खेळ अजून चालू आहे. मी पनवेलला राहायला आल्यापासून मामांनी मला एकदाही हरवलेलं नाही.